पागनीस सर आणि नापास पाणीपुरी

पागनीस सरांनी पाणीपुरीला दोनदा नापास केलं आहे. ज्या गावात माणूस टॉवर चौकात नुसता पाय मोकळे करायला गेला तरी दोन प्लेट खाऊन परततो, त्या उज्जैनमध्ये पाणीपुरीला नापास करायला हिंमत लागते. सरांकडे ती भरपूर आहे. मागच्या वर्षी आठवी 'ब'च्या मुली त्यांच्या स्वयंपाकघरात ओळीनं उभ्या होत्या. सरांनी पुरी तोंडात टाकली, डोळे मिटले, बराच वेळ चघळली आणि निकाल दिला, "कच्चं आहे. पुढच्या रविवारी पुन्हा."

'कच्चं आहे' हे सरांचं पालुपद. डॉक्टरनं लिहून दिलेलं औषध कच्चं, माझं हस्ताक्षर कच्चं, कॉलनीतला नवा डांबरी रस्ता तर फारच कच्चा. एका लग्नात त्यांनी मांडवात उभ्या असलेल्या नवरदेवाला पायापासून फेट्यापर्यंत न्याहाळलं आणि शेजारच्या माणसाला सांगितलं, "मुलगा कच्चा आहे." शेजारचा माणूस नवरदेवाचा बाप होता आणि सरांचा सख्खा भाऊही. तो म्हणाला, "दादा, निदान अक्षता पडेपर्यंत थांब."

आता मुद्द्याचं सांगते. फ्रीगंजच्या आमच्या शाळेत दर जानेवारीत आनंद मेळा भरतो. मुलं खाण्याचे स्टॉल लावतात, खेळ मांडतात, सगळं गाव येऊन खाऊन जातं. कुठला स्टॉल लागणार आणि कुठला नाही, हे पागनीस सर ठरवतात. तीस वर्षं त्यांनी या शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं. चार वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले, पण मेळ्यातून निवृत्त व्हायला विसरले. त्यांना प्रभारी म्हणून राहा असं कुणी सांगितलं नाही आणि आता पुरे असंही कुणी सांगितलं नाही. ते येत राहिले. त्याच वर्षी मी रसायनाची शिक्षिका म्हणून रुजू झाले, आणि सगळ्यात नवी म्हणून सहप्रभारीपद माझ्या गळ्यात पडलं. सरांच्या पत्नी नुकत्याच वारल्या होत्या एवढं स्टाफरूममध्ये कानावर आलं होतं. मी त्यांना पाहिलेलं नव्हतं.

माझे वडील बँकेच्या बदलीनं साताऱ्याहून इथं आले आणि इथलेच होऊन गेले. सरांचं तसं नाही. त्यांचे पूर्वज शिंदे सरकारच्या पागेवर होते, म्हणून पागनीस. ही गोष्ट ते कुणालाही, कधीही सांगतात. "आमच्या घराण्यात घोड्यासमोर ठेवायचा चणासुद्धा आधी माणूस चावून बघत होता, देवधरबाई. आणि ही तर लेकरं आहेत." यावर काही बोलता येत नाही. मी तर नाहीच बोलत, कारण मग कुठल्या घोड्याला काय आवडायचं इथपासून सुरुवात होते.

तर सरांची पद्धत अशी. एखाद्या वर्गाला वाटलं की आपण कचोरीचा स्टॉल लावावा, तर त्यांनी डिसेंबरातल्या रविवारी सकाळी दहाला सरांच्या नानाखेड्यातल्या घरी जायचं आणि त्यांच्या स्वयंपाकघरात कचोरी करून दाखवायची. एकदा नव्हे, तीन रविवार. "प्रयोग तीनदा केल्याशिवाय रीडिंग धरायचं नसतं," सर म्हणतात. निवृत्तीच्या दिवशी शाळा त्यांना घड्याळ देणार होती. सरांनी त्याऐवजी प्रयोगशाळेतला जुना व्हर्नियर कॅलिपर मागून घेतला. त्यानं ते कचोरीचा व्यास मोजतात. सहावीच्या एका मुलाच्या चार कचोऱ्यांचे व्यास चार वेगवेगळे निघाले, तेव्हा सरांनी त्याला अर्धा तास 'सरासरी' शिकवली. तोवर कचोऱ्या गार झाल्या. मग गार झाल्या म्हणून नापास झाल्या.

त्यांची सगळ्यात भयंकर परीक्षा म्हणजे पंख्याची. "ग्राउंडवर हवा चालते बाई, इथं बंद खोलीत काय समजून पडणार?" असं म्हणून सर टेबलफॅन आणतात आणि खाद्यपदार्थासमोर तीन नंबरवर लावतात. सातवीची मुलं भेळ घेऊन आली होती. पंखा लागला आणि मुरमुरे जे उडाले, ते सोफ्याच्या मागे, शोकेसमध्ये, देव्हाऱ्यात, माझ्या केसांत. "सर, ये तो उड़ रहा है!" एक मुलगा ओरडला. "दिख रहा है मुझे," सर शांतपणे म्हणाले आणि वहीत लिहून घेतलं. आम्ही सगळे तासभर गुडघ्यांवर बसून मुरमुरे वेचत होतो. सरही वेचत होते, आणि एकेक मुरमुरा कुठवर गेला ते मुलांना दाखवत होते. भेळेला पुढच्या रविवारी पुन्हा बोलावलं गेलं.

दाल-बाफल्याची कल्पना मात्र त्यांनी ऐकताक्षणीच फेटाळली. बाफले म्हणजे उकडून भाजलेले, तुपात बुडवलेले कणकेचे गोळे. आमच्याकडे ते खाल्ल्यावर माणूस दुपारभर उठत नाही. "मग बाजूला गाद्यांचा स्टॉल पण लावावा लागेल," सर म्हणाले.

खेळांनाही सुटका नाही. नववीच्या मुलांना भूतबंगला करायचा होता. मला तर वाटलं, महाकालाच्या गावात भुताला कोण भिणार. पण सरांनी त्यांना आपली मागची अडगळीची खोली दिली, खिडकीला स्वतः काळा कागद लावला, आणि चादर पांघरलेलं भूत आत उभं केलं. नेमक्या त्याच वेळी शेजारच्या शर्मा आंटी प्रसादाची वाटी घेऊन मागच्या दारानं आल्या. किंकाळी अख्ख्या कॉलनीनं ऐकली. वाटी एकीकडे, आंटी दुसरीकडे. भूतच बिचारं चादर टाकून पाणी आणायला पळालं. मला वाटलं, हा तरी पास. सर म्हणाले, "कच्चं आहे. भूत हसलं."

हे सगळं वाचायला गमतीचं आहे, मला ठाऊक आहे. पण सहप्रभारी म्हणून मला तिथं हजर राहावं लागे. चार वर्षं डिसेंबरातला एकही रविवार मी घरी पाहिला नाही. केसांतून मुरमुरे काढत परत यायचं आणि मग आठवड्याचे कपडे धुवायचे. स्टाफरूममध्ये मी सरांची नक्कलही करत असे. डोळे मिटून चघळायची माझी नक्कल फार छान वठते, असं सगळे म्हणत. ते आता आठवलं की लाज वाटते.

यंदा शाळेत नव्या प्रिन्सिपल आल्या. त्यांनी मला बोलावून विचारलं, "देवधर मॅडम, स्टॉल चुनने में चार हफ्ते क्यों लगते हैं?" मी याच प्रश्नाची वाट पाहत होते. त्यांच्यासमोर बसूनच मी मोबाइलवर एक ऑनलाइन फॉर्म बनवला. वर्गाचं नाव, स्टॉलची कल्पना, आवडीच्या तीन स्टॉलना मत. दोन दिवसांत शाळेनं मतं दिली आणि बारा स्टॉल ठरले. पाणीपुरी, गराडू म्हणजे कंदाचे तळलेले तुकडे, थंड शिकंजी, पोहे-जिलेबी, फुग्यांवरची नेमबाजी, पुन्हा भूतबंगला, सगळं रीतसर. प्रिन्सिपल मॅडमनी माझं कौतुक केलं. माझे चार रविवार मला परत मिळाले होते. उरलं होतं ते एकच काम, सरांना सांगणं.

शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर मी नानाखेड्याला गेले. दार उघडंच होतं. जेवणाच्या टेबलावर चौदा ताटल्या धुऊन पालथ्या घातलेल्या होत्या. ओट्यावर तेलाचा नवा डबा. बाजूला जीरावनची मोठी पुडी, आमच्याकडे पोह्यांवर, गराडूवर भुरभुरतात तो मसाला. तो सर देवास गेटच्या एकाच दुकानातून आणतात आणि बाकीच्या दुकानांतला कच्चा असतो. टेबलफॅन पुसून, वायर गुंडाळून खुर्चीवर बसवलेला. उद्या पहिला रविवार होता.

"या, या. या टाइमला कशा काय? बसा, चहा टाकून देतो."

मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. फॉर्म, मतं, बारा स्टॉल. वेळ कसा वाचतो तेही सांगितलं, जरा जास्तच सांगितलं. सर ऐकत राहिले. ते 'कच्चं आहे' म्हणतील म्हणून मी पदर खोचूनच आले होते, उत्तरंही तयार होती.

"छान," सर म्हणाले. "हे तर एकदम छान होऊन गेलं. मुलांचा टाइम वाचला."

चार वर्षांत पहिल्यांदा माझ्या एखाद्या कामाला त्यांनी छान म्हटलं, आणि मला ते मुळीच आवडलं नाही.

मी मेळ्याची वही मागितली. मैदानावर कुठला स्टॉल कुठं लावायचा, नळ कुठं, वायर कुठून, याचे नकाशे त्यात होते. सरांनी ती कपाटातून काढली, हातात धरून क्षणभर थांबले, आणि मग दिली. "शाळेचीच वस्तू आहे. नकाशे पहिल्या पानांवर आहेत. मागचं काही बघायची गरज नाही."

मला दारापर्यंत पोचवून ते परत गेले. चपला घालताना मला आत ताटल्यांचा आवाज ऐकू आला. ते त्या एकेक करून परत कपाटात लावत होते.

मागचं बघायची गरज नाही असं सांगितलं की माणूस आधी मागचंच बघतो. मी रविवारी सकाळी चहा घेत वही उघडली. तो माझा हक्काचा, चार वर्षांनी मिळालेला रविवार होता. नकाशे सुरेखच होते, पट्टीनं आखलेले. त्यानंतर जुन्या मेळ्यांची पानं होती. प्रत्येक वर्षाला एक पान. 'स्टाफरूम. मधली सुट्टी. दहा स्टॉल ठरले.' संपलं. तीन प्रयोग नाहीत, पंखा नाही, नानाखेडं नाही. मी तारखा पाहिल्या. सर निवृत्त होईपर्यंत, त्यांच्या पत्नी असेपर्यंत, निवड दरवर्षी अर्ध्या तासात उरकत होती. पुढं मात्र पानंच्या पानं भरली होती.

मागच्या वर्षीचं पान असं होतं. 'पहिला रविवार. पाणीपुरी, आठवी ब. पाणी उत्कृष्ट. पुरी कुरकुरीत. पहिल्याच खेपेला पास. मुलींना सांगितलं, कच्चं आहे. सव्वाएकला गेल्या.' खाली, 'दुसरा रविवार. पाणीपुरी. उत्कृष्ट. सांगितलं, पुदिना कमी. पावणेदोनला गेल्या.' आणखी खाली, 'भूतबंगला. फार छान. मीही दचकलो. सांगितलं, भूत हसलं.' भेळ, 'चव उत्तम. पंखा विनाकारण लावला. मुरमुरे वेचेपर्यंत दोन वाजले.' एका रविवारी फक्त एवढंच होतं, 'आज पाऊस. चारच मुलं. साडेअकराला गेली.'

सर वर्गात एक गोष्ट नेहमी सांगत, असं त्यांचे जुने विद्यार्थी म्हणतात. प्रयोगवहीत खोटं रीडिंग लिहायचं नाही, उत्तर चुकलं तरी चालेल. सरांनी ते पाळलं होतं. तोंडानं खोटं बोलले होते आणि वहीत खरं लिहिलं होतं. प्रत्येक नोंदीच्या शेवटी मुलं किती वाजता गेली ते होतं. माझा चहा गार झाला. मला रडू आलं, आणि माझ्या त्या फॉर्मची अशी चीड आली की मोबाइल उचलून मी तो तिथल्या तिथं बंद केला. बंद करून काय उपयोग, मतं तर पडून गेली होती.

सोमवारी मी आठवी 'ब'च्या, म्हणजे आता नववी 'ब'च्या वर्गात गेले आणि जाहीर केलं की फॉर्मनं स्टॉल नुसते सुचवले गेले आहेत, पास झालेले नाहीत, प्रयोग नेहमीप्रमाणे सरांकडेच होतील. मुलं कुरकुर करतील म्हणून मी आवाज चढवूनच बोलले. वर्गात एकदम टाळ्या पडल्या.

मधल्या सुट्टीत पाणीपुरीवाली खुशी माझ्या मागे आली. मुलं पाणीपुरीला पताशे म्हणतात. "मैडम, हमें लगा इस बार सर ने बुलाया ही नहीं. पताशे के लिए हम शनिवार को पुदीना भी ले आए थे."

"अगं, पण सर तुम्हाला दरवेळी नापास करतात ना?" मी विचारलं. खुशीला मराठी समजतं, उत्तर मात्र हिंदीत येतं.

ती हसली. "मैडम, पहली बार में सर तीन प्लेट खा गए थे. कच्चा होता तो कोई खाता क्या?" मग तिनं मागं वळून पाहिलं आणि आवाज खाली आणला. "दूसरी बार हम जानबूझ के नमक कम डाल के ले गए. नहीं तो सर को फिर झूठ बोलना पड़ता."

म्हणजे दुसऱ्या रविवारी पाणी खरोखरच अळणी होतं. आणि सरांनी त्याला वहीत 'उत्कृष्ट' लिहिलं होतं. चार वर्षांत त्यांचं एकच रीडिंग चुकलं होतं, आणि त्यांनाही ते कळलं असणार असं मला वाटतं.

त्या संध्याकाळी मी सरांना फोन केला. काय बोलायचं ते दिवसभर घोकत होते.

"सर, तो फॉर्म कच्चा निघाला."

पलीकडून खाकरण्याचा आवाज.

"मला वाटलंच होतं," सर म्हणाले. "मी तुम्हाला त्या दिवशी बोललो नाही, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून. एकदम कच्चं काम होतं, देवधरबाई. रविवारी पाठवून द्या सगळ्यांना. दहाला म्हणजे दहाला."

प्रिन्सिपल मॅडमना मी सांगितलं की यादी वेळेवर मिळेल, फक्त चव बघणं बाकी आहे. चव बघायला तीन आठवडे कशाला, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "मैडम, प्रैक्टिकल है." त्या इतिहासाच्या असल्यानं गप्प बसल्या.

रविवारी मी वही परत घेऊन गेले. जिथून काढली तिथंच, कपाटात ठेवली आणि म्हटलं, "नकाशे फार छान आहेत." सरांनी माझ्याकडे एकदा नीट पाहिलं. मी पंख्याची वायर सोडवायला लागले. चौदा ताटल्या पुन्हा टेबलावर आल्या होत्या, आणि मुलं मोजली तर सतरा निघाली. तिघांनी झाकणांत खाल्लं. स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नव्हती. खुशीच्या पाण्यात मीठ कमी होतं, शिकंजी सरांच्या थर्मामीटरला पुरेशी थंड वाटली नाही, भूत पुन्हा हसलं. शर्मा आंटी या खेपेला पुढच्या दारानं आल्या. एकही स्टॉल पास झाला नाही, आणि इतकी खूश नापास मुलं मी आजवर पाहिली नाहीत.

मुलं गेली तेव्हा अडीच वाजले होते. मी डब्यातून गराडू काढले. घरी तळून आणले होते, वर जीरावन, लिंबू. "सर, शिक्षकांचाही एक स्टॉल लावावा म्हणते. जरा बघता का?"

सरांनी एक तुकडा तोंडात टाकला. डोळे मिटले. चघळला. मग दुसरा घेतला, तिसरा घेतला, आणि बोलता बोलता डबा रिकामा केला. शेवटच्या तुकड्यानं त्यांनी तळाचा मसालाही पुसून घेतला. बोटं रुमालाला पुसली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "कच्चे आहेत, देवधरबाई."

"मग पुढच्या रविवारी पुन्हा करून आणते," मी म्हटलं.

"आणा," सर म्हणाले. "मीठ जरा बघून घाला."

आम्ही चहा घेतला. सरांनी एका घोड्याची गोष्ट सांगितली, ती मी शेवटपर्यंत ऐकली आणि मधे दोन प्रश्नही विचारले. निघाले तेव्हा सर दारापर्यंत आले, आणि मी फाटकाची कडी लावेपर्यंत तिथंच मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत उभे होते. मीही पाहिलं. सव्वाचार झाले होते.